गोगलगायीच्या बादल्या

जाळं जड लागलं तेव्हा पहिली मीच ओरडले, "भरलं गं बायांनो, भरलंय जाळं!" मला गप्प बसवतच नाही. बांधावरच्या सगळ्याजणी हसायला लागल्या, शाळेची स्वयंपाकीण पातेली घेऊन पुढे सरसावली, बदकं बिचारी घाबरून पलीकडच्या काठाला पळाली. जाळं काठाला टेकलं आणि आत वाकून बघितलं तर काय, नुसती चिल्लीपिल्ली! बोटाएवढी, फार तर अंगठ्याएवढी चिलापी, खच्चून भरलेली. हाताच्या पंजाएवढा मासा शोधून सापडेना.

"हे काय?" स्वयंपाकीण म्हणाली. "हे मी बालवाडीच्या पोरांना वाढू? यातले काटे कोण काढणार? एखाद्याच्या घशात अडकला तर लोक मला जिवंत ठेवतील का?"

 जाळ्यात ती चिल्लीपिल्ली नुसती फडफडत होती.

आमचं तळं म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. विटांसाठी माती काढून काढून पडलेला खड्डा होता, तो आम्ही बायकांनी मिळून साफ केला. नदीवर जाणारे रिकाम्या हाताने परत यायला लागले होते, बाजारातला मासा आमच्यासारख्यांना हात लावू देत नव्हता, आणि पोरं शाळेत नुसता भात खाऊन पेंगायची. म्हणून हे तळं. काठाला लागून, पाण्यावर बदकांचं खुराडं बांधलंय. बदकांची घाण पाण्यात पडते, तिच्यावर शेवाळ धरतं, शेवाळावर मासे पोसतात, आणि तळ्याचं हिरवं पाणी भाजीच्या वाफ्यांना जातं. विकतचं खाद्य जवळजवळ लागतच नाही. काही वाया जात नाही, आणि पोरांच्या ताटात आठवड्यातून दोनदा मासा पडतो.

पण चिलापी ही जात भारी चावट. नर-मादी एकत्र आले की यांचा संसार थांबतच नाही. तळं पिल्लांनी भरून जातं, खाणारी तोंडं वाढतात, कुणालाच पोटभर मिळत नाही आणि एकही मासा वाढत नाही. म्हणून तळ्यात फक्त नर सोडायचे. औषध चारून नर केलेलं माशांचं बीज विकत मिळतं, पण ते पोरांच्या पोटात जाणार म्हणून आम्हीच नको म्हटलं. मग उरले काय, तर डोळे. बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, हातात उताणं धरायचं, पोटाखाली शाईचा ठिपका लावायचा आणि तिळाएवढ्या जागेत बघायचं. दोन भोकं दिसली तर नर, तीन दिसली तर मादी. नर निळ्या बादलीत, तळ्यासाठी. मादी लाल बादलीत, घरोघरच्या कालवणासाठी.

हे काम माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. त्यांना सगळे दुर्बीण म्हणतात. भावजी गेल्यावर त्या अशा काही खचल्या होत्या की चुलीपाशी बसल्या तर बसूनच राहायच्या. तळ्याने त्यांना उठवलं. त्यांच्याएवढी नजर कुणाचीच नव्हती, आम्ही एक मासा उलटासुलटा करून बघेपर्यंत त्यांची ओंजळभर पिल्लं बघून व्हायची. आजूबाजूच्या गावांतून बायका शिकायला यायच्या. जाऊबाईंचं नाक तेव्हापासून जे वर गेलं ते गेलंच. मी चिडवायचे, पण खरं सांगते, मलाही त्यांचा तोरा आवडायचा. आमच्या घरात तोऱ्याने मिरवावं असं दुसरं होतं तरी काय?

तर जाळ्यात पिल्लं निघाली याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. नरांबरोबर माद्या तळ्यात गेल्या होत्या. सगळ्यांनी दुर्बिणीकडे बघितलं.

"माझ्या टेबलावरून चूक गेलेली नाही," जाऊबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, पण पदर उगाचच दोनदा सारखा केला.

मला त्यांचं ते तोंड बघवेना. माझी जीभ तर अशी की आधी सुटते आणि मग विचार करते. "मग बादल्याच अदलाबदल झाल्या असतील," मी म्हटलं. "दुसरं काय?"

झालं. सगळ्यांच्या माना गर्रकन गोगलगायीकडे वळल्या.

गोगलगाय म्हणजे जाऊबाईंची सून. टेबलापासून तळ्यापर्यंत बादल्या न्यायचं काम तिचं, आणि तेवढ्याला तिला अर्धा जन्म लागायचा. बादली उचलायची आणि खुराड्यामागच्या शेडच्या आडोशाला जी गडप व्हायची ती व्हायचीच. हे नाव जाऊबाईंनीच तिला चारचौघांत ठेवलं होतं आणि आम्ही सगळ्या खिदळलो होतो. मागच्या निवडीला तर माझा पार संयम सुटला होता. ऊन मी म्हणत होतं, बादलीतलं पाणी तापलं की पिल्लं मरतात, आणि ही आपली पावलं मोजत चाललेली. मी तिच्या हातातून बादली हिसकावली. "दे इकडे! तुझ्या भरवशावर राहिलं तर मासे म्हातारे होतील."

"काकी, थांबा ना जरा," ती म्हणाली होती, "मी नेते, खरंच नेते." मी कशाची थांबते? तिला टेबलापाशी भरलेल्या बादल्या बाजूला काढून ठेवायला बसवलं, दिवसभर सगळ्या बादल्या मी आणि दुसऱ्या दोघींनी धावतपळत नेल्या, तळ्यात ओतल्या आणि कशी झटपट आटपली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

आता ती बांधावर उभी होती, ओच्याला हात पुसत. तिने एकदा सासूकडे बघितलं. जाऊबाई पाण्याकडे बघत होत्या.

"असेल," ती म्हणाली. "बाजूला काढून ठेवताना माझ्याच हातून झालं असेल."

आमच्या गटाच्या अध्यक्षबाई कडक. त्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला. गोगलगायीने पुढच्या निवडीला तळ्यावर पाऊल ठेवायचं नाही. त्या निवडीने झालेलं नुकसान भरून निघालं तरच तिला परत घ्यायचं, नाहीतर गटातून तिचं नाव कायमचं गेलं, म्हणजे मासा गेला आणि भाजीचा वाटाही गेला. स्वयंपाकीण म्हणाली, "आणि पुन्हा अशीच पिल्लं निघाली तर शाळासुद्धा तुमचं नाव काढून टाकेल. माझ्या हातात काही नाही." रिकामी पातेली घेऊन ती निघून गेली. ती पातेली वाजत होती ना, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी नात शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी सांगायची, "आजी, आज पण नुसता भात." तिला काय, ती आपली बातमी द्यायची. मी म्हणायचे, "खा गं बाई, भातही काही वाईट नाही," आणि कुठे बघू हे मला समजायचं नाही. शेजारणी विचारायच्या, कधी मिळणार गं मासा पोरांना? आम्ही तळ्यावरच्या बायका बाजारात आडवाटेने जायला लागलो.

जाऊबाईंचं आणि माझं अंगण एकच. त्यामुळे तिकडचं सगळं दिसतं, न बघायचं ठरवलं तरी. सून पहाटे उठून घरचं आवरायची, तळ्यावर जायची वेळ झाली की हात थबकायचे आणि मग पुन्हा तीच भांडी घासत बसायची. जाऊबाई काही शिवायला बसल्या की म्हणायच्या, "माझे हात ओले आहेत गं, सुई ओवून दे." हात अगदी कोरडे ठणठणीत. सून सुई ओवून द्यायची. तांदूळ निवडायचे तर ते सुनेने, निरोपाची चिठ्ठी आली तर ती सुनेने वाचायची. मी हे बघत होते. बघत होते आणि सासूपणा म्हणून हसण्यावारी नेत होते. एकदा म्हटलंही, "जाऊबाई, चष्मा घ्या की एक." त्या माझ्यावर अशा उसळल्या! "चष्मा म्हाताऱ्यांना लागतो. मी काय म्हातारी झाले?" मी म्हटलं, जाऊ दे, उगाच कशाला सापाच्या शेपटीवर पाय द्या.

तळं उपसलं, उन्हात वाळवलं, चुना टाकला, पुन्हा भरलं. नवी बोटुकली आली. निवडीच्या दिवशी जाऊबाईंनी आपलं टेबल सावलीतून ओढून भर उन्हात मांडलं. "सावलीत काम करून माणूस सुस्तावतं," त्या म्हणाल्या. बादल्या न्यायचं काम या खेपेला माझ्याकडे.

पहिली निळी बादली भरली, मी उचलली आणि निघाले. शेडपाशी पोचले तर कडी हातातून निसटायला लागली, म्हणून आडोशाला टेकवली. तिथे शेडच्या भिंतीला लागून एक सपाट दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. दगडाजवळ विटेच्या फटीत शाईची बाटली, काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा, आणि एक जुना टब पालथा घातलेला. ही शाईची बाटली मी ओळखली. आमच्याच घरातली, झाकणाला माझ्या नातीने चिकटवलेली टिकली अजून तशीच होती.

मी खाली बसले. काय वाटलं कुणास ठाऊक, बादलीतलं एक पिल्लू काढलं, उताणं केलं, ठिपका लावला. मादी. मला ओंजळभर करायला जमत नाहीत, पण एखाददुसरं सावकाश बघितलं तर कळतं. दुसरं काढलं, नर. तिसरं, मादी. चौथं, मादी.  ती पोर इथे बसायची. प्रत्येक बादली इथे थांबवून सासूने निवडलेले मासे ती पुन्हा निवडायची, माद्या काढायची आणि मग तळ्यावर जायची. आम्ही तिला गोगलगाय म्हणायचो. आणि ज्या खेपेला तिला ते करता आलं नाही, त्या खेपेला बादली तिच्या हातातून मी हिसकावली होती.

मी जाऊबाईंना दंडाला धरून शेडमागे आणलं. "अगं, काय झालं काय? काम पडलंय माझं," त्या कुरकुरत होत्या. मी बाटली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली, शेवटी अंगठ्याने चाचपली. झाकणावरची टिकली लागली तेव्हा अंगठा थांबला.

"ही इथे कशी?"

"बादलीत निम्म्या माद्या आहेत, जाऊबाई."

त्या दगडावर बसल्या.  मग म्हणाल्या, "मीच शिकवलं तिला. लग्न होऊन आली तेव्हा, स्वयंपाकघरात, परातीत पिल्लं घेऊन. हात चांगला होता तिचा. मग मीच म्हटलं, तू आपली बादल्या ने. टेबलाशी एकच माणूस बरं." त्यांनी तोंडावर पदर घेतला. "मला वाटायचं, डोळ्यांना थोडं कमी दिसलं तरी सवयीने हात बरोबर निवडतोय. इतक्या खेपा काही चुकलं नाही ना, मग मला वाटायचं..."

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? खरं बोलावं. मी काय केलं? मी म्हटलं, "मी तिला मागच्या वाटेने आणते. ती इथेच बसेल. तुम्ही टेबलाशी बसा, मी बादल्या आणते-नेते. कुणाला काही कळायचं नाही."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्या माझ्या अंगावर धावून येतील. त्या हळूच म्हणाल्या, "आण."

मी तिला आणलं. तिने काही विचारलं नाही, रागावली नाही, साधं तोंडही वाकडं केलं नाही. ओचा खोचला, दगडावर बसली, पालथा टब सुलटा केला आणि कामाला लागली. मला वाटत होतं, हिने मला दोन शिव्या द्याव्यात. तिने एवढंच विचारलं, "काकी, पाणी तापलं नाही ना?"

आणि मग दुपारपर्यंत आमचं ते नाटक चाललं. उन्हात दुर्बीण ऐटीत मासे निवडतेय, बायका कौतुकाने बघतायत, आणि मी गोगलगायीसारखी बादल्या घेऊन शेडमागे गडप होतेय. कुणीतरी हाकही मारली, "काय गं, सुनेची सवय तुला लागली का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. लाज नाही वाटली मला.

दुपारी स्वयंपाकीण बघायला आली. टेबलाशी उभी राहून म्हणाली, "आता माझ्या जिवात जीव आला. शेवटी तुमच्यासारखी नजर हवी. त्या पोरीला लांब ठेवलंत ते फार बरं केलंत हो."

जाऊबाईंच्या हातात पिल्लू होतं. ते तडफडत होतं, पण त्यांनी ते ना या बादलीत टाकलं ना त्या बादलीत. मग त्यांनी ते सावकाश मधल्या टबात सोडलं, हात पदराला पुसले आणि उठल्या. स्वतःचं स्टूल उचललं. "काय झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. जाऊबाई स्टूल घेऊन सरळ शेडमागे चालायला लागल्या, आणि बायका त्यांच्या मागोमाग. मी धावले, पण आता काय उपयोग?

सून दगडावर बसलेली, एका हातात पिल्लू, दुसऱ्या हातात शाईची काडी. एवढी माणसं बघून ती ताडकन उठली.

"मी... मी नुसती बादल्या धुवायला आले होते," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "निवडलेत सगळे आईंनीच. मी हातसुद्धा लावला नाही." हातात अजून ते पिल्लू होतं, बोटं शाईने निळी झालेली.

 अध्यक्षबाईंनी मान वळवली.

"पुरे गं," जाऊबाई म्हणाल्या. "किती झाकशील मला?" त्या सगळ्यांकडे वळल्या, पण मान वर करून त्यांना बघवेना, त्या जमिनीशीच बोलल्या. "मला दिसत नाही. किती दिवस झाले, दिसत नाही. मागच्या खेपेला बादल्या बदलल्या नव्हत्या. माद्या माझ्या टेबलावरून गेल्या. पोरांच्या ताटातला मासा मी घालवला, आणि हिच्यावर खापर फुटताना पाण्याकडे बघत बसले."

"बादली मी हिसकावली होती," मी म्हटलं. इतका बारीक आवाज माझा मलाही कधी ऐकू आला नव्हता. "ती थांबा म्हणत होती."

जाऊबाईंनी स्टूल दगडाशेजारी ठेवलं. "यावर बस."

"नको आई. मी खाली बरी आहे."

"बस म्हणते ना!" त्या खेकसल्या. ती घाबरून बसली. मग आम्ही टेबल तिकडे आणलं, टबही आणले. तिने काम सुरू केलं आणि तिचा हात असा चालायला लागला की बघत राहावं. पण बघायला कुणी थांबलं नाही, ज्या त्या बाईला एकाएकी दुसरीकडे काम निघालं. स्वयंपाकीण तर बदकांना दाणे टाकायला लागली.

बादल्या भरल्या. जाऊबाई कुणाला काही न विचारता पुढे झाल्या, कमरेत वाकून एक बादली उचलली आणि बांधाच्या दिशेने निघाल्या. जमीन पायाने चाचपत, एकेक पाऊल टाकत. कुणी म्हटलं नाही, पाय उचला. मी नुसती बघत राहिले. बादली लाल होती.

"आई," सून हळूच म्हणाली. तिला ते म्हणायचं नव्हतं, पण पुढे तळं होतं. "आई, ती माद्यांची आहे."

जाऊबाई उभ्या राहिल्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. मग त्या तशाच वळल्या, चाचपत परत आल्या आणि बादली तिच्या पायाशी ठेवली. माझ्या उभ्या जन्मात त्यांनी कुणाला हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता.

"यातली कुठली नेऊ?" त्यांनी विचारलं.